‘लेट ॲपेक्स’ : उशिरा की पुढे?

फॉर्म्युला वनवर मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : “ड्रायव्हरने लेट ॲपेक्स घेतला म्हणून पुढच्या सरळ पट्ट्यात त्याला वेग मिळाला, हे मी ‘त्याने वळणाचा शिरोबिंदू उशिरा गाठला, म्हणून तो पुढे निघाला’ असं लिहिलं. मित्र म्हणाले, उशिरा गाठला तर मागे पडेल ना? कोणाचा ड्रायव्हर भारी, इथून सुरू झालेला वाद माझ्या मराठीवर येऊन ठेपला. योग्य शब्द कोणता? जमल्यास रेसिंग लाइन, सेटअप, अंडरस्टीअर आणि अंडरकट यांचंही सांगा.”

मित्रांचं बरोबर आहे, आणि चूक एक नाही, दोन आहेत.

आधी ‘शिरोबिंदू’. शर्यतीत ॲपेक्स म्हणजे वळणात गाडी आतल्या कडेला खेटते ती जागा. हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ टोक. रोमन पुजाऱ्यांच्या टोपीवर जी टोकदार काडी असे तिलाही ॲपेक्स म्हणत. त्यामुळे कोशात शिखर, शिरोबिंदू असे प्रतिशब्द सापडणं साहजिकच. पण त्रिकोणाचा शिरोबिंदू त्रिकोणाचा असतो, तो कोणाच्या मर्जीने हलत नाही. तुमचे मित्र मात्र ‘याचा ॲपेक्स’, ‘त्याचा ॲपेक्स’ असं म्हणत भांडतात. म्हणजे वळण एकच, ॲपेक्स ज्याचा त्याचा. ही मालकी शिरोबिंदूत बसत नाही.

ट्रॅकवर काय घडतं ते पाहा. ड्रायव्हर बाहेरच्या कडेने येतो, आत वळतो, एका जागी आतल्या कडेला खेटतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेपर्यंत मोकळा सुटतो. असं केल्याने त्याचा कंस वळणाच्या आतल्या कडेपेक्षा बराच मोठ्या त्रिज्येचा होतो. टायरची पकड तेवढीच धरली, तर त्रिज्या दुप्पट झाल्यावर वेग सुमारे १.४ पट ठेवता येतो, त्यासाठीच सगळी उठाठेव. (जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवरच्या एका वळणाला तर ‘१३० आर’ असंच नाव आहे, १३० मीटर त्रिज्येवरून पडलेलं.) आता लहान कंसाला मोठा कंस एका जागी टेकतो, याला शाळेच्या भूमितीत काय म्हणतात? अंतर्स्पर्शी वर्तुळं. आणि ती जिथे टेकतात तो स्पर्शबिंदू. शब्द तयार आहे, नेमका आहे, आणि दहावी पास झालेल्या प्रत्येकाने एकदा तरी वहीत लिहिलेला आहे. इंग्रजीतही ॲपेक्सच्या जोडीला ‘क्लिपिंग पॉइंट’ म्हणतातच, म्हणजे जाता जाता कडेला चाटून जायची जागा. तेव्हा लेखात ‘स्पर्शबिंदू’ लिहा. बोलताना मात्र मी क्रियापदच वापरेन : ‘तो आत कुठे खेटला?’ मराठीत नामापेक्षा क्रियापद जास्त ओझं उचलतं.

दुसरी चूक ‘उशिरा’. इंग्रजीतला हा ‘लेट’ घड्याळाचा नाही, जागेचा आहे. ड्रायव्हर कडेला खेटतो ती जागा वळणाच्या मध्यापेक्षा पुढे, बाहेर पडण्याच्या तोंडाशी असते. तिथे खेटायचं तर वळायला आधी थोडं थांबावं लागतं, आत शिरताना वेग जास्त उतरवावा लागतो. पण खेटेपर्यंत गाडीचं नाक बाहेरच्या रस्त्याकडे आलेलं असतं, त्यामुळे स्टीअरिंग लवकर सरळ होतं आणि ॲक्सिलरेटर लवकर दाबता येतो. वळणानंतर लांब सरळ पट्टा असेल तर आत शिरताना गमावलेलं व्याजासकट वसूल होतं. म्हणजे ‘लेट’ ॲपेक्सचा सगळा फायदा ‘लवकर’मध्ये आहे, आणि तुमच्या वाक्यात नेमकं ‘उशिरा’ येऊन बसलंय.

मराठीत इथे ‘पुढे’ हा फार सोयीचा शब्द आहे. ‘दुकान पुढे आहे’ आणि ‘पुढे काय झालं’, जागा आणि काळ दोन्ही त्यात मावतात. म्हणून ‘पुढचा स्पर्शबिंदू’ म्हटलं की उशीर झाल्याचा ठपका येत नाही. ‘लेट ब्रेकिंग’चं मात्र ‘उशिरा ब्रेक दाबणे’ चालेल, कारण तिथे उशीर खराच आहे, मुद्दाम केलेला.

रेसिंग लाइन म्हणजे ट्रॅकवरून सर्वांत वेगाने जाता येईल असा गाडीचा मार्ग. ‘लाइन’साठी आपल्याकडे शब्दांची गर्दीच आहे. वहीतली ओळ, भूमितीतली रेषा, तिकिटाची रांग. यातलं एकही ट्रॅकवर शोभत नाही. ‘रेषा’ निदान चुकीची नाही, पण आखून ठेवलेली वाटते. मला ‘वाट’ आवडते. वाट धरता येते, चुकते, अडवता येते (आणि लावताही येते, तेही ट्रॅकवर होतंच). शिवाय शर्यत जसजशी पुढे सरकते तसतसं टायरचं रबर याच पट्ट्यावर बसत जातं, पकड वाढते, आणि बाजूला रबराच्या गोळ्या साचतात. ही अक्षरशः मळलेली वाट! पावसात तेच रबर निसरडं होतं आणि शहाणा ड्रायव्हर मळलेली वाट सोडतो. २०१६ च्या ब्राझील ग्रां प्रीत मॅक्स वेर्स्टापेनने भर पावसात बाहेरच्या बाजूने गाडी काढत मागून येऊन तिसरा क्रमांक मिळवला, त्याचं वर्णन याहून सोप्या मराठीत होणार नाही.

‘सेटअप’ला, म्हणजे ट्रॅकला साजेशी गाडी जुळवून घेण्याला, दुसरा शब्द शोधू नका. मांडणी, जुळणी, बांधणी सगळे करून पाहिले. तबला लावतात तशी ‘गाडी लावली’ म्हणावं, तर वाचकाला ती पार्क केली असं वाटेल.

अंडरस्टीअर आणि अंडरकटमधल्या ‘अंडर’चं भाषांतर करायला गेलात की फसलात. पहिल्यात ‘कमी’ आहे : स्टीअरिंग फिरवलं त्यापेक्षा गाडी कमी वळते. चाहते बोलतात तसं लिहा, ‘नाक आत येत नाही’. ओव्हरस्टीअर असेल तर ‘गाडी मागून सुटते’. पुढच्या विंगचा (नाकाशी असलेल्या पंखासारख्या पट्टीचा) कोन वाढवला की नाक आत येऊ लागतं, अती वाढवला की मागून सुटायला लागते. इतकी वाक्यं मराठीत सरळ लिहिता येत असताना ‘न्यूनवळण’ वगैरे घडवणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार.

दुसरा ‘अंडर’ डावपेचातला. मागच्या गाडीने आधी पिटमध्ये येऊन टायर बदलायचे, नव्या टायरवर एक-दोन फेऱ्या जोरात मारायच्या, आणि पुढचा पिटमधून बाहेर पडेपर्यंत त्याच्या पुढे असायचं. याला ‘कुरघोडी’ म्हणायचा मोह होतो, मथळ्यात म्हणाही. पण उलट डावात, म्हणजे मुद्दाम नंतर टायर बदलण्याच्या ओव्हरकटमध्येही कुरघोडीच असते, मग फरक कसा दाखवणार? तिथे अंडरकटच ठेवा. मात्र पुढे असलेल्या संघाने लगेच त्यानंतरच्या फेरीला आपली गाडी आत बोलावून तो डाव हाणून पाडला, तर त्याला ‘काटशह’ हा बुद्धिबळातला शब्द चपखल बसतो.

आता तुमचं वाक्य : ‘तो वळणात पुढे जाऊन आत खेटला, म्हणून त्याला ॲक्सिलरेटर लवकर दाबता आला आणि सरळ पट्ट्यात तो निघून गेला.’ कोणाचा ड्रायव्हर भारी, ते तुमचं तुम्ही बघा.