लेन्स थांबेल, आधी प्राणी ओळखू दे

ताई, पत्र वाचलं. लेक बारावी सायन्सला, जंगली प्राण्यांचे अगदी जवळून फोटो काढायचेत, लांबचं जवळ आणणारी 600 एमएमची लेन्स हवीय आणि डिग्री नको म्हणतेय, आणि तुम्हाला धास्ती की ही पोरगी एखाद्या जनावराच्या पुढ्यात जाऊन उभी राहील.

धास्ती बरोबरच आहे हो, पण मुरलेले फोटोग्राफर प्राण्यामागे धावत नाहीत, तो जिथून जाणार तिथे वाऱ्याचा अंदाज घेऊन आधीच लपून बसतात, तासन्‌तास. रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे भाऊ तर 1900 च्या आसपास पोकळ बैलाच्या कातड्यात शिरून पक्ष्यांचे फोटो काढायचे! (आत किती उकडत असेल ते सोडा.) आणि वाईड लेन्सने (म्हणजे भोवतालचा परिसरही टिपणाऱ्या लेन्सने) काढलेला एकदम नाकासमोरचा फोटो दिसतो ना, तिथे बरेचदा माणूस नसतोच, सेन्सर लावलेला कॅमेरा ट्रॅप असतो, प्राणी समोरून गेला की आपोआप क्लिक.

आता तो ट्रॅप लावायचा कुठे? ठसे, विष्ठा, पाण्याची वाट, येण्याजाण्याची वेळ हे सगळं वाचता यायला हवं आणि म्हणूनच मी डिग्री सोडू नको म्हणते, बीएससी झूलॉजी किंवा इकॉलॉजी घेऊ दे. एरिक हॉस्किंग हा केवढा मोठा पक्षी-फोटोग्राफर, पण 1937 मध्ये घरट्याजवळ घुबडाने हल्ला केला आणि त्याचा डावा डोळा गेला. पिल्लं असताना जवळ जायचं नाही हे तिला आत्ताच सांगा. चरणारा प्राणी मान वर करून तुमच्याकडेच बघत राहिला तर समजायचं, जास्त जवळ आलो, गुपचूप मागे व्हायचं.

पैशाचं स्पष्ट सांगते, नुसते फोटो विकून घर चालवणारे फार थोडे, बाकीचे वर्कशॉप, टूर, फिल्म युनिट, संशोधकांसाठी डॉक्युमेंटेशन असं मिळून भागवतात. शॉर्टकट अंगाशी येतो ते वेगळंच, 2009 च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेतला पहिला नंबर नंतर काढून घेतला, कारण फोटोतला लांडगा पाळीव असावा असं परीक्षकांना वाटलं.

600 एमएम आत्ता नकोच, जुनी वापरलेली 300 एमएम पुष्कळ झाली. उडत्या पक्ष्यावर शटर स्पीड 1/2000 सेकंदाच्या आसपास ठेवून हात बसू दे. त्याआधी महिनाभर एकच खार किंवा एकच पक्षी रोज बघायचा, कॅमेरा न घेता, फक्त वही. ती वही मला पाठवायला सांगा, लेन्सचं मग बोलू.