ठाण्यात राहतो, कुठल्याही विद्यापीठात नाही. कायदा, गणित, खगोलशास्त्र आणि वैद्यकातले शोधनिबंध फुकट, कायदेशीरपणे कसे वाचता येतील?

बरेचसे घरबसल्या मिळतात, फक्त दर विषयाचं दार वेगळं आहे. गणित आणि खगोलशास्त्र सर्वांत सोपं: १९९१पासून चालू असलेल्या अर्काइव्ह (arXiv) या मोफत ऑनलाइन संग्रहावर खगोलातले बहुतेक आणि गणितातले बरेच नवे निबंध असतात, खगोलातले जुने नासाच्या एडीएस (ADS) या शोधसंग्रहावर शोधा.

वैद्यकात लोक फसतात. वैद्यकीय निबंध शोधायच्या पबमेड (PubMed) या साइटवर सहसा फक्त सारांश दिसतो. पूर्ण मजकूर हवा तर डावीकडचा मोफत पूर्ण मजकुराचा फिल्टर लावा किंवा थेट पबमेड सेंट्रल या पूर्ण मजकुराच्या मोफत संग्रहावर जा. नुसत्या सारांशावरून निष्कर्ष काढू नका. रुग्ण किती होते, तुलनेचा गट होता का, किती जण मध्येच गळाले, हे बहुधा आतच कळतं.

कायद्यात निवाडे मोफत आहेत (सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर हे निवाड्यांचं पोर्टल, शिवाय इंडियन कानून ही साइट), पण त्यावरचे लेख बरेचदा पैसे भरूनच मिळतात. निवाडा पुढे फिरवला गेला आहे का, तेही बघा.

काहीच मिळालं नाही तर निबंधावर दिलेल्या पत्त्यावर लेखकाला दोन ओळींची ईमेल करा. प्रत पाठवणारे पुष्कळ असतात.

एक मात्र लक्षात ठेवा: अर्काइव्हवरचा निबंध तज्ज्ञांनी तपासलेला असेलच असं नाही, म्हणून शेवटची आवृत्ती उघडा आणि तो नियतकालिकात छापून आलाय का ते पाहा. १ जानेवारी २०२५पासूनची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधन नियतकालिकं वाचायला देणारी योजना सरकारी संस्थांतल्यांसाठी आहे, तुम्हाला घरून ती लागू नाही.