‘स्पॅनिश वंशाच्या नगरपाल’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या डॅलस काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) माजी शेरीफ लुपे वाल्डेझ यांच्याबद्दल लिहिताना ‘हिस्पॅनिक’ आणि ‘शेरीफ’ या इंग्रजी शब्दांसाठी ‘स्पॅनिश वंशाच्या पहिल्या महिला नगरपाल’ हे शब्द चालतील का?

माझ्या मते चालू नयेत. ‘स्पॅनिश वंश’ आणि ‘नगरपाल’ या दोन्हींमुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहतं.

नगरपाल म्हटलं की मराठी माणसाला मुंबईचा शेरीफ आठवतो. दिलीपकुमार, सुनील गावस्कर यांनी भूषवलेलं ते मानाचं पद; पोलीस दलावर त्याचा हुकूम चालत नाही. वाल्डेझ यांच्या ताब्यात मात्र काउंटीचा तुरुंग होता, हाताखाली बंदूक बाळगणारे डेप्युटी होते आणि हे पद त्यांनी लोकांकडे मतं मागून मिळवलं होतं. २००४ साली त्या निवडून आल्या, २००५ पासून २०१७ पर्यंत शेरीफ होत्या. ‘कोतवाल’ हा शब्द सुचतो खरा, पण एकेकाळी शहराचा बंदोबस्त पाहणारा कोतवाल पुढे तलाठ्याच्या हाताखाली येऊन बसला. तेव्हा ‘शेरीफ’च ठेवावं. तोही मुळात शायर आणि रीव्ह या दोन जुन्या इंग्रजी शब्दांचा जोड आहे, म्हणजे परगण्याचा कारभारी.

स्पॅनिशमध्ये शेरीफला ‘अल्ग्वासिल’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो अरबी ‘अल-वझीर’वरून आला. आपल्या बुद्धिबळाच्या पटावरचा वजीर तो हाच!

आता ‘स्पॅनिश वंश’. वाल्डेझ यांचा जन्म टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा, मेक्सिकन शेतमजुरांच्या घरातला. ‘स्पॅनिश’ म्हटलं की वाचक थेट स्पेनला पोचतो. गोव्यातल्या फर्नांडिस आडनावाच्या माणसाला केवळ आडनावावरून पोर्तुगीज वंशाचा ठरवलं, तर जी चूक होईल तीच इथे होते. ‘हिस्पॅनिक’ हा शब्द हिस्पानिया या आयबेरियाच्या (स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पाच्या) रोमन नावावरून आला असला, तरी अमेरिकेत तो स्पॅनिश भाषा आणि संस्कृतीच्या धाग्याने जोडलेल्या सगळ्यांसाठी वापरतात, मग वर्ण कुठलाही असो. १९८० च्या जनगणनेत हा प्रश्न सरसकट सर्वांना विचारला गेला आणि शब्द सरकारी कागदावर पक्का बसला. ‘लॅटिनो’चा आधार भूगोल, म्हणजे लॅटिन अमेरिका. म्हणून पोर्तुगीज बोलणारा ब्राझिलियन लॅटिनो म्हणवून घेऊ शकतो, हिस्पॅनिक सहसा नाही. स्पेनहून आलेल्याचं नेमकं उलट.

पोलीस दलात ‘हिस्पॅनिक’ या शब्दाचं मोल अधिकच कळतं. वाल्डेझ मूळच्या मेक्सिकन. ऑस्टिन आणि ह्यूस्टनचे पोलीस प्रमुख झालेले आर्ट असेवेडो क्युबातल्या हवानात जन्मले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कचे पहिले लॅटिनो पोलीस आयुक्त झालेले एडवर्ड काबान यांचं मूळ प्वेर्तो रिकोचं. तिघांचं मूळ तीन ठिकाणचं, तरी ‘हिस्पॅनिक’ म्हटलं की तिघे एका छपराखाली येतात. असंच एक छप्पर म्हणजे १९७३ पासूनची हिस्पॅनिक अमेरिकन पोलीस कमांड ऑफिसर्स असोसिएशन. ‘कमांड ऑफिसर’ला ‘वरिष्ठ पोलीस अधिकारी’ पुरे. पण ‘असोसिएशन’चं ‘संघटना’ करताना माझा हात अडतो. संघटना म्हटलं की आपल्याला पगाराच्या मागण्या आणि मोर्चे दिसतात. या संस्थेचा भर आपल्या माणसांना वरच्या पदांसाठी तयार करण्यावर आहे. ‘व्यावसायिक संस्था’ लिहावं.

तर मूळ वाक्य मी असं लिहीन: ‘डॅलस काउंटीच्या पहिल्या महिला आणि पहिल्या हिस्पॅनिक शेरीफ’. ‘लॅटिनो’ हवं असेल तर बाईंसाठी ‘लॅटिना’ लिहा. स्पॅनिशमध्ये लिंगानुसार शेवट बदलतो, आणि ‘चांगला-चांगली’ म्हणणाऱ्या आपल्या कानाला ते जड जाऊ नये.