आठवडाभराची सॅमन ट्रिप आणि सात वर्षांचा हप्ता

प्रश्न: आम्ही अमेरिकेत, समुद्रापासून गाडीने आठ तासांवर राहतो. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या इल्वाकोला, कोलंबिया नदीच्या मुखाशी, आठवडाभर सॅमन पकडायला जायचा बेत आहे. त्या बाजूला पूर्वी कधी गेलेलो नाही. मी, पत्नी, 14 आणि 9 वर्षांची मुलं, धाकटा भाऊ आणि भारतातून येणारे आई-बाबा असे 7 जण. चार्टर बोटीचा (कप्तानासकट भाड्याने मिळणाऱ्या) दर माणशी रोज 240 डॉलर, म्हणजे दोन दिवसांचे 3,360. त्यापेक्षा 26,000 ची जुनी बोट ट्रेलरसकट घेऊन टाकावी का? 6,000 डाउन पेमेंट, उरलेल्याचं 9 टक्क्यांनी 7 वर्षांचं कर्ज. बचत 14,000 आहे. माणशी दोन धरले तरी दोन दिवसांत 28 मासे होतात, तेवढा खर्च वसूल. शिवाय तिथल्या घराचं भाडं (7 रात्री, 2,100) आत्ताच भरलं तर 15 टक्के सूट आहे, पण ते पैसे परत मिळणार नाहीत. आमचं बोटीचं वेड जुनं आहे, गेल्या दोन वर्षांत तळ्यावर भाड्याची बोट घेऊन 4 दिवस फिरलो.

उत्तर: बोट घेऊ नका. आधी तुमच्या 28 माशांकडे वळतो, कारण सगळा हिशेब त्यांच्यावर उभा आहे आणि ते अजून समुद्रात आहेत. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

तिथे खुल्या समुद्रात बहुतेक वर्षी माणशी रोज दोनच सॅमन ठेवता येतात, आणि त्यातही चिनूक जातीचा सहसा एकच. उरला कोहो, ही सॅमनची दुसरी जात. तो जाळ्याजवळ आला की डेकवरचा पोरगा वाकून त्याच्या पाठीकडे बघतो. शेपटीच्या अलीकडे बोटाच्या पेराएवढा एक मऊ पर असतो, त्याला ॲडिपोज पर म्हणतात. तो कापलेला असेल तर मासा हॅचरीतला (माणसाने पैदास केलेला), म्हणजे तुमचा. शाबूत असेल तर नैसर्गिक पैदाशीचा, त्याला बोटीत न घेता पाण्यातच सोडायचं. गळालाही उलटा काटा चालत नाही, त्यामुळे दोरी क्षणभर सैल पडली की काम तमाम. नऊ वर्षांचं मूल आणि लाटांची सवय नसलेले आजी-आजोबा धरून 28 मोजायचे असतील तर मोजा, पण ते जमेच्या रकान्यात लिहू नका.

आता हप्ता. 20,000 वर 9 टक्क्यांनी 84 महिने, म्हणजे महिन्याला साधारण 322 डॉलर. एकूण परतफेड 27,000 च्या आसपास, त्यात सातेक हजार निव्वळ व्याज. वर्षाचे झाले 3,860. तुम्ही मनात वर्षाला सहा-आठ दिवस धरले असणार. सहा धरले तर दिवसाला 644 पडतात आणि चार्टरपेक्षा बोट स्वस्त दिसते, तुमचा मोह समजतो. पण तुम्हीच लिहिलंय, दोन वर्षांत 4 दिवस. म्हणजे वर्षाला दोन, दिवसाला 1,930, तेही विमा, इंजिनाची सर्व्हिसिंग, इंधन आणि हिवाळ्यात बोट ठेवायची जागा न धरता. वस्तू घेतली की वापर वाढेल, असं ट्रेडमिल घेतानाही वाटतं. आमच्याकडच्या ट्रेडमिलवर सध्या टॉवेल वाळतात.

शिवाय 14,000 पैकी 6,000 डाउन पेमेंटला गेले की उरतात 8,000. ही बचत अडीअडचणीसाठी आहे, आणि आई-बाबा परदेशातून येऊन राहणार आहेत त्या काळात तर ती अजिबात हलवू नका. त्यांच्या व्हिजिटर विम्यात जुन्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते बोटीच्या जाहिरातींआधी वाचा.

पण बोट नको म्हणण्याचं माझं मोठं कारण पाणी आहे. कोलंबियाच्या मुखाशी वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा उंचवटा आहे. नदीचा लोंढा आणि ओहोटी मिळून बाहेर धावतात आणि पॅसिफिकच्या लाटांवर समोरून आदळतात. लाट तिथल्या तिथे उभी राहते. 1792 पासून सुमारे 2,000 लहानमोठी जहाजं या टापूत गेल्याचं सांगतात. परदेशी मालवाहू जहाजाच्या कप्तानालाही, उभी हयात समुद्रावर गेली असली तरी, हा बार ओलांडताना स्थानिक पायलट (वाट दाखवणारा जाणकार) घ्यावा लागतो. परिस्थिती बिघडली की कोस्ट गार्ड हौशी बोटींना बार बंद करतं. तुमची बोट धक्क्यावर, हप्ता चालू. चार्टरचे 240 डॉलर जागेचे वाटतात, प्रत्यक्षात तुम्ही कप्तानाच्या डोक्यातलं भरती-ओहोटीचं कोष्टक भाड्याने घेताय. अनोळखी पाण्यात याहून स्वस्त माहिती मला ठाऊक नाही.

मात्र चार्टरचे 3,360 सुद्धा मी मंजूर करत नाही. सात जणांना दोन्ही दिवस बोटीवर चढवायची गरजच काय? आणि इथे एक बारीक अडचण आहे. अमेरिकेत बरेच छोटे चार्टर कप्तान जास्तीत जास्त 6 प्रवासी नेऊ शकतात, धंद्यात त्याला ‘सिक्स पॅक’ म्हणतात. तुम्ही सात. सातव्यासाठी दुसरी बोट किंवा मोठी बोट लागेल. त्यापेक्षा तुम्ही, पत्नी, भाऊ आणि थोरलं मूल असे चौघं एक दिवस जा: 960, वर डेकवाल्याची टिप दीडशेच्या आसपास. लायसन्स फक्त मोठ्यांना, 15 वर्षांखालच्यांना लागत नाही, पण पकडलेल्या माशांची नोंद करायचं कार्ड मुलांच्या नावेही घ्यावं लागतं. अनिवासी माणसाला वर्षभराचं लायसन्स घ्यायची गरज नाही, 1 ते 3 दिवसांचं तात्पुरतं मिळतं. दुसऱ्या दिवसाचं तिथे पोचल्यावर ठरवा. पहिल्या दिवशी तिघं कठड्यावर ओणवे असतील तर प्रश्न आपोआप सुटेल.

आगाऊ रक्कम मात्र एप्रिलपर्यंत भरू नका. या किनाऱ्याचा सॅमन हंगाम दरवर्षी एप्रिलमध्ये पॅसिफिक फिशरी मॅनेजमेंट कौन्सिल ठरवते, आणि कोटा संपला की जाहीर तारखेआधीही मासेमारी थांबते. कॅलिफोर्नियात 2023 आणि 2024 अशी लागोपाठ दोन वर्षं समुद्रातली सॅमन मासेमारी पूर्ण बंद होती. ज्यांनी जानेवारीत पैसे भरले असतील त्यांचा विचार करा. साधा प्रवास विमा अशा वेळी सहसा हात वर करतो, कारण त्यात ठरावीक कारणंच धरलेली असतात आणि ‘हंगाम बंद’ हे त्यात क्वचितच असतं. कुठल्याही कारणाने रद्द करता येणारा महागडा प्रकार मिळतो, पण तो पहिला पैसा भरल्यावर थोड्याच दिवसांत घ्यावा लागतो आणि परतावा साधारण 50 ते 75 टक्के. मी स्वतः एकदा एका सहलीची पूर्ण रक्कम ‘अर्ली बर्ड’च्या नादात भरून घालवली आहे. तेव्हाही मी लोकांना सल्ले द्यायच्या याच धंद्यात होतो.

घरभाड्यातल्या सवलतीचा हिशेब सोपा आहे. वाचतात 315, पणाला लागतात 1,785. जाणं रद्द व्हायची शक्यता 15 टक्क्यांहून, म्हणजे साधारण सातात एकाहून, जास्त वाटत असेल तर सूट सोडा. व्हिसा, तब्येती, दोन नोकऱ्यांच्या रजा: मला ती जास्तच वाटते. एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. हंगाम कोसळला तरी घर वाया जात नाही, कारण शेजारी लाँग बीचचा लांबच लांब किनारा आहे आणि केप डिसअपॉइंटमेंटचं 1856 चं दीपगृह. (हे नाव जॉन मिअर्सने 1788 मध्ये ठेवलं, नदीचं मुख समोर असून त्याला ते ओळखता आलं नाही म्हणून. तुमच्यासारखाच अनोळखी पाण्यात आलेला माणूस.)

कप्तानाला पैसे पाठवण्याआधी ईमेलवर तीन गोष्टी लेखी घ्या: कोटा संपून हंगाम थांबला तर डिपॉझिट परत मिळणार की पुढच्या वर्षी वळतं होणार, बार बंद असेल तर तो त्या दिवशी नदीच्या आत, ‘बॉय 10’ या तरंगत्या खुणेपासून आतल्या पट्ट्यात नेणार का, तिथले नियम आणि तारखा वेगळ्या असतात, आणि मासा साफ करणं त्या 240 मध्ये आहे की वेगळं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देतो म्हणाला तर दुसरा कप्तान बघा.