रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे नवरा बाहेरख्याली का?

त्या आत आल्या आणि आधी दार लोटून घेतलं. वय 42, धाराशिवकडच्या, शेतात राबणाऱ्या. चौघडी केलेला रिपोर्ट माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "मॅडम, मी कुठं वाकडं पाऊल टाकलं नाही. मग हे ह्यांच्याकडूनच आलं ना?" चार दिवस नवऱ्याशी बोलणं बंद होतं.

शिबिरात एचपीव्ही तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरू शकणाऱ्या विषाणूची तपासणी, झाली होती आणि निकाल पॉझिटिव्ह आला होता. खोदून विचारल्यावर कळलं, पॉझिटिव्ह म्हणजे एड्स असंच त्या धरून बसल्या होत्या. तो काटा आधी काढला. मग सांगितलं, "ताई, शरीरसंबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी गाठतोच. बहुतेकींच्या अंगातून दोनेक वर्षांत आपोआप जातो, काहींच्यात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. तुमच्यात तो लग्नानंतर लगेच आला असेल किंवा अलीकडे. कधी आला, कोणाकडून आला, हे या तपासणीत कळतच नाही."

"मग ह्यांचीही करा ना तपासणी."

पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नाही, हे ऐकून त्या गप्प झाल्या. मग हळूच विचारलं, "कॅन्सर झालाय का मला?"

रिपोर्टवरून तसं म्हणता येत नाही. विषाणू ठाण मांडून बसला तरी कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात, आणि ही तपासणी त्याआधीच गाठते. त्यांच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा मोठा अभ्यास झाला. 2009 साली त्याचे निष्कर्ष आले: एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. "आमच्याकडं?" त्यांनी दोनदा विचारलं. आपल्याच गावांकडच्या बायकांचं ऐकून त्या पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसल्या.

सरकारी कार्यक्रमांत ही तपासणी यावी असं मला मनापासून वाटतं. नमुना बाईला स्वतःच घेता येतो, लाज आड येत नाही. पण रिपोर्टचा कागद हातात टेकवून मोकळं होणं मला मान्य नाही. पॉझिटिव्ह म्हणजे काय, हे नमुना घेण्याआधीच पाच मिनिटं बसून सांगायला हवं. या ताईंना ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि चार दिवस घरात चूल पेटत होती ती अबोल्यातच.

त्यांच्याच सांगण्यावरून मी नवऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. सगळं ऐकून ते म्हणाले, "पुढच्या तपासणीत तिला दुखंल का?"

दोन दिवसांनी दोघं आले. डॉक्टरांनी गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून पाहिलं; बदल झालेला भाग त्याने पांढरा दिसतो. एक छोटा पांढरा चट्टा होता. तो उष्णतेने जाळायला काही मिनिटं लागली. वर्षभराने पुन्हा तपासायचंय. जाताना त्यांनी जावेसाठी शिबिराची तारीख विचारून घेतली.