वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं : घरी शिकणाऱ्या मुलांचं नागरिकशास्त्र

प्रश्न : आमची मुलगी पंधरा वर्षांची आहे. आठवीनंतर तिला आम्ही घरीच शिकवतो. एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) ती दहावी देणार आहे, पुढे बारावीला राज्यशास्त्र घ्यायचं म्हणते. गणित-विज्ञान आम्हाला जमतं, नागरिकशास्त्रात मात्र गाडं अडलंय. पुस्तक वाचते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. "राज्यसभेत किती सदस्य हे पाठ करून मला काय मिळणार?" असं विचारते. घरात राजकारणाचा विषय काढायची सोय नाही, तिचे बाबा आणि आजोबा लगेच हातघाईवर येतात. सुरुवात कुठून करू?
— एक आई, पाचगाव

उत्तर : ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न रास्त आहे. राज्यसभेत जास्तीत जास्त २५० सदस्य असतात, हे वाक्य नुसतं पाठ करून काही मिळत नाही. निवृत्त होईपर्यंत मी नववी-दहावीला हा विषय शिकवला. आधी राष्ट्रपती, मग संसद, मग राज्य आणि वर्ष संपता संपता घाईघाईत ग्रामपंचायत, असा क्रम लावला की मुलांना हे सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं. उलटं करा. आपल्या उंबऱ्याशी आलेला निर्णय घ्या आणि तिला दरवेळी विचारायला लावा : हे कुणी ठरवलं, आणि कुठल्या कागदानं?

पहिला धडा तिच्या स्वतःच्या शिक्षणाचाच घ्या. आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. हा राजाचा हुकूम होता. आज मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१-क मध्ये आहे, आणि त्यासाठीचा कायदा संसदेनं २००९ साली केला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. मग राजाच्या हुकमात आणि संसदेच्या कायद्यात फरक काय? राजाचा हुकूम उद्या नको वाटला तर प्रजेनं कुठं जायचं? सरकार मुलांना शाळेत या म्हणतं आणि मी घरी शिकते, तर माझं नेमकं स्थान काय? तिला हे प्रश्न लिहून काढू द्या. उत्तरं तुम्ही देऊ नका, तिला कायद्याचा मजकूर वाचून शोधू द्या. घरी शिकणाऱ्या मुलीला याहून जवळचा विषय मिळायचा नाही.

दुसरा विषय तुमच्या दारातच आहे : हद्दवाढ. कोल्हापूरची महानगरपालिका १९७२ साली झाली. शहर वाढवण्याचा वाद तेव्हापासून धुमसतोय आणि वाढीव हद्दीत घ्यायच्या गावांच्या यादीत पाचगावचं नाव येतंच. शहरवाले म्हणतात, गावची माणसं आमचे रस्ते वापरतात, केएमटीनं, म्हणजे महापालिकेच्या बसनं फिरतात, मग हद्दीत या. गाववाले म्हणतात, घरपट्टी वाढेल, शेतजमिनीवर आरक्षणं पडतील, ग्रामसभा जाईल. घरची ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती आणि शहरातल्या एखाद्या नातेवाइकाचं घरफाळ्याचं बिल शेजारी ठेवून तिला वाचायला सांगा. एक आठवडा तिनं गावाची बाजू मांडायची, पुढचा आठवडा शहराची. दोन्ही झाल्या की विचारा, ठरवणार कोण? तिला कळेल की शेवटची सही गावाचीही नाही आणि महापालिकेचीही नाही. महानगरपालिका अधिनियमाखाली हद्द ठरवायचा अधिकार राज्य सरकारचा आहे. राज्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांचं नातं सांगणारे पुस्तकातले परिच्छेद मग तिला आपणहून वाचावेसे वाटतील.

तिथून महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नसण्याच्या प्रश्नाकडे वळा. मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली, त्यानंतर कैक वर्षं सरकारनं नेमलेले प्रशासकच होते. संविधान तर पाच वर्षांची मुदत सांगतं आणि ती संपायच्या आत निवडणूक घ्या म्हणतं. मग नगरसेवक नसताना गटारीची तक्रार लोकांनी कुणाकडे नेली? हे तिनं शहरातल्या आत्या-मावशांना विचारून लिहावं.

ग्रामसभेला तिला न्याच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ती असते. मतदार नसल्यामुळे तिला हात वर करता येणार नाही, पण मागं बसून ऐकू द्यावं म्हणून ग्रामसेवकांना आधी विचारून ठेवा. जाण्यापूर्वी तिला हेरवाडची गोष्ट सांगा. शिरोळ तालुक्यातल्या या गावच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं ही प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचं उदाहरण घ्यायला सांगितलं. मला या गावाचा फार अभिमान वाटतो. नागरिकशास्त्राच्या दृष्टीनंही ही घटना मोठी आहे, कारण ठराव, परिपत्रक आणि कायदा यांतला फरक तिच्यात उघड दिसतो. ठरावामागं गावाची संमती असते. परिपत्रक सूचना देतं. पण एखाद्या घरानं ऐकलं नाही तर शिक्षा करायला विधिमंडळाचा कायदाच लागतो. तुमच्या लेकीला विचारा, यावर कायदा व्हावा का? की गावागावानं आपलं आपण ठरवावं? माझं उत्तर मी इथं देत नाही, कारण तिचं उत्तर मला वाचायचं आहे. जरूर पाठवा.

केंद्र आणि राज्य यांची सूची, म्हणजे कुठल्या विषयावर कुणी कायदे करायचे त्याची यादी, शिकवायला आपल्याकडे दर पावसाळा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते आणि कृष्णेवरचं अलमट्टी धरण कर्नाटकात आहे. कृष्णेच्या पाण्याचा राज्याराज्यांतला तंटा सोडवायला नेमलेल्या दुसऱ्या कृष्णा लवादानं २०१० साली त्या धरणाचा साठा ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मुभा दिली, त्यानं पूर वाढेल या भीतीनं आपल्याकडे त्याला विरोध आहे. पाणी राज्यसूचीत, आंतरराज्य नद्या संघसूचीत (म्हणजे केंद्राच्या), आणि तंट्यासाठी अनुच्छेद २६२. हे तिन्ही तिनं नकाशा पुढ्यात घेऊन वाचावं. आणि विजयपूरच्या शेतकऱ्याच्या जागी बसून कर्नाटकची बाजूही लिहावी, ते राहू देऊ नका.

आता बाबा आणि आजोबा. ताई, मला तुमच्या पत्रातला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. घरी शिकणाऱ्या मुलाला माहिती कमी पडत नाही, कमी पडतो तो वर्ग : वेगळ्या घरातून आलेली, वेगळं बोलणारी पोरं. तालमीत जोड नसेल तर पैलवान तयार होत नाही. तुमच्या घरात दोन मतांची दोन माणसं आहेत, तर त्यांना गप्प बसवू नका, सभेत बसवा. रविवारी अर्धा तास, अध्यक्ष तुमची लेक. विषय तिनं आदल्या दिवशी सांगायचा, प्रत्येकाला पाच मिनिटं, मध्ये बोलायचं नाही. बोलण्याआधी समोरच्यानं काय सांगितलं ते आपल्या शब्दांत सांगायचं आणि त्यानं "होय, हेच म्हणालो" म्हटल्यावरच पुढं जायचं. आजोबांना हे जड जाईल, पण नातीनं हात केला की तेही थांबतील. शेजारची दोन-तीन शाळेत जाणारी मुलं बोलवा, त्यांत तुमच्यापेक्षा वेगळ्या वस्तीतली, वेगळ्या जातीधर्माची असतील असं मुद्दाम बघा. आणि एक कळकळीची विनंती : तुम्ही कुणाला मत देता ते तिनं विचारलं तर खरं सांगा, पण तिनंही तिथंच द्यावं असं सुचवू नका.

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू आहे. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी ते कित्येक वर्षं मागितलं होतं. ओळखीतल्या वकिलाला विचारून एखादी सुनावणी ऐकवता आली तर न्यायमंडळाचं प्रकरण तिथंच होईल.

परीक्षेची काळजी करू नका. एनआयओएसच्या स्वाध्यायांना यातलीच उदाहरणं वापरता येतात. व्याख्या, अनुच्छेदांचे क्रमांक आणि राज्यसभेचे २५० हे शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पाठ होतात.

प्रश्न : माझा मुलगा सतरा पूर्ण झालाय, तोही घरीच शिकतो. कॉलेज नसल्यामुळे मतदार नोंदणी कुठून करायची?
— एक वडील, गडहिंग्लज

उत्तर : कॉलेजचा काही संबंध नाही. सतरा पूर्ण झाल्यावर नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, आगाऊ भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखांपैकी ज्या तारखेला तो अठराचा झालेला असेल, त्यानंतर त्याचं नाव यादीत येतं. अर्ज ऑनलाइन भरता येतो, किंवा तुमच्या भागातल्या बीएलओंकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) द्या. जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. फॉर्म मात्र त्याचा त्यालाच भरू द्या.