दिवाळी सरकली की उत्पादनाचे आकडे उड्या का मारतात?

तुमचा प्रश्न असा: ऑक्टोबर 2023 मध्ये देशाचं औद्योगिक उत्पादन 11.7 टक्क्यांनी वाढल्याची बातमी आली आणि पुढच्याच महिन्यात ती वाढ 2.4 टक्क्यांवर आली. महिन्याभरात एवढं काय बिघडलं, की आकडेच फिरवलेत?

बिघडलं काही नव्हतं आणि फिरवलंही कोणी नव्हतं. दिवाळी पुढे गेली होती, बस.

माझं पोटापाण्याचं कामच अशा मासिक आकड्यांशी आहे, म्हणून जरा खोलात सांगतो. बातमीतला वाढीचा दर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढलेला असतो. पाऊस, थंडी, मार्चअखेरची धावपळ हे सगळं दरवर्षी त्याच महिन्यात येतं, त्यामुळे ते आपोआप कटतं. संक्रांत सौर कॅलेंडरवर चालते, म्हणून तीही जानेवारी सोडत नाही. दिवाळीचं तसं नाही. चांद्रवर्ष 354 दिवसांचं, त्यामुळे दिवाळी दरवर्षी साधारण 11 दिवस मागे येते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि ते 12 नोव्हेंबरला गेलं.

आता कारखान्याच्या बाजूने बघा. दिवाळीत उत्पादन थांबतं. माल आधीच तयार करून गोदामात आणि दुकानात पोचवलेला असतो. मग चार-सहा दिवस शटडाऊन, त्यात मशिनची देखभाल उरकून घेतात. परगावचे कामगार गावी जातात, उत्तरेकडचे छठ करूनच परततात. म्हणजे विक्रीला दिवाळी चढवते आणि उत्पादनाला पाडते. बातम्यांमध्ये नेमकी याचीच गल्लत होते.

ऑक्टोबर 2022 चा पहिला अंदाज उणे 4 टक्के आला होता, कारण आदल्या वर्षीची दिवाळी 4 नोव्हेंबरला होती आणि तो ऑक्टोबर जवळजवळ पूर्ण कामाचा होता. नोव्हेंबर 2022 मात्र 7.1 टक्के वाढला, कारण तुलना सुट्ट्यांच्या नोव्हेंबरशी होती. वर्षभराने सगळं उलटं झालं. ऑक्टोबर 2023 ची तुलना अर्ध्यामुर्ध्या ऑक्टोबरशी झाली म्हणून 11.7, आणि नोव्हेंबरची भरल्या नोव्हेंबरशी झाली म्हणून 2.4.

कोणी म्हणेल, रविवार कमीजास्त असतील. कॅलेंडर काढून मोजा: 2021, 2022, 2023 या तिन्ही वर्षी ऑक्टोबरमध्ये पाच रविवार आणि नोव्हेंबरमध्ये चार. दसराही तिन्ही वर्षी ऑक्टोबरातच. जागा बदलली ती दिवाळीने.

यावरचा उपाय कोणालाही घरी करता येतो. दोन्ही महिने एकत्र धरा. 2022 चे उणे 4 आणि 7.1 यांची सरासरी दीड टक्क्याच्या आसपास येते, 2023 चे 11.7 आणि 2.4 यांची सात. प्रत्येक जोडीत एक अख्खी दिवाळी आहे, म्हणून ही तुलना रास्त. उद्योग सावरत होता हे खरंच, पण 11.7 ने नव्हे.

तुम्ही विचाराल, मग हंगामी समायोजन नावाचा प्रकार कशासाठी असतो? ते केलं तरी दिवाळी आपोआप निघत नाही. ती पद्धत ढोबळमानाने असं करते, की बऱ्याच वर्षांच्या ऑक्टोबरांकडे बघून ऑक्टोबरची नेहमीची पातळी ठरवायची आणि ती वजा करायची. पण काही ऑक्टोबरांत दिवाळी असते, काहींत नसते. मग ‘नेहमीचा’ ऑक्टोबर अर्धी दिवाळी पोटात घेऊन बसतो आणि कुठल्याच वर्षाला धड बसत नाही. अमेरिकेच्या जनगणना विभागाची एक्स-13 ही संगणकप्रणाली या समायोजनासाठी जगभर वापरतात. तिच्यात ईस्टरची सोय तयार मिळते, दिवाळीची आपल्याला भरावी लागते. समजा, लक्ष्मीपूजनाआधीच्या दहा दिवसांचा परिणाम मोजायचाय. 2021 मध्ये ते दहा दिवस 25 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर असे पडले. म्हणून ऑक्टोबरच्या खात्यात 0.7 आणि नोव्हेंबरच्या खात्यात 0.3. 2023 मध्ये ऑक्टोबर शून्य, नोव्हेंबर 1. ही रांग मॉडेलला दिली की दिवाळीचा भाग वेगळा मोजता येतो. दहाच दिवस का, पंधरा का नाही, आणि नंतरच्या सुट्टीचं काय, हे ज्या त्या मालिकेवर, म्हणजे एकेका उद्योगाच्या महिनोन्महिन्यांच्या आकड्यांवर, तपासून ठरवायचं. कापड आणि सिमेंट यांना एकच मोजपट्टी लावणं मला पटत नाही. रिझर्व्ह बँक दरवर्षी आपल्या बुलेटिनमध्ये निवडक मालिकांचे हंगामी घटक (कुठल्या महिन्यात आकडा नेहमी किती चढतो-उतरतो ते) छापते, आवड असेल तर चाळा.

लीप वर्षाचा हिशेब त्यामानाने सोपा. 28 दिवसांत एक दिवस वाढला की साडेतीन टक्के वाढ फुकटची. फेब्रुवारी 2024 मध्ये औद्योगिक उत्पादन 5.7 टक्के वाढलं, फेब्रुवारी 2025 चा पहिला अंदाज 2.9 होता. दोन्ही आकड्यांत त्या एका दिवसाचा वाटा आहे, आधी चढवणारा, मग उतरवणारा. वीजकेंद्र किंवा रिफायनरीला तो दिवस पुरता मिळतो. पण 29 फेब्रुवारी 2024 हा गुरुवार होता आणि भोसरी-चिंचवडकडच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीच असते. त्यांना त्या जादा दिवसाचा काही उपयोग झाला नाही. ‘आठवड्याची सुट्टी रविवारी’ असं गृहीत धरणारं मॉडेल इथे फसतं.

आता पुढचं. 2025 मध्ये आपल्याकडे लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे 8 नोव्हेंबरला. म्हणजे 2023 चाच खेळ पुन्हा: ऑक्टोबर 2026 ची वाढ फुगलेली आणि नोव्हेंबरची खंगलेली दिसायला हवी. थोडा उतारा एवढाच, की 2025 मध्ये दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, 2 ऑक्टोबरला आले, तर 2026 मध्ये दसरा 20 ऑक्टोबरला असल्याने ऑक्टोबरात एक सुट्टी जास्त पडते. आणि जीएसटीचे आकडे बघत असाल तर अजून एक महिना पुढे सरका. नोव्हेंबरात जमा होणारा कर मुख्यतः ऑक्टोबरच्या विक्रीचा असतो, त्यामुळे 2026 च्या दिवाळीतली बरीचशी खरेदी तिथे डिसेंबरच्या जमेत दिसेल.